टायर आला, गिअर राहिला

डेन्व्हरहून पश्चिमेला निघालेला आय-७० महामार्ग रॉकी पर्वत चढत आयझेनहॉवर बोगद्याशी पोचतो, तेव्हा समुद्रसपाटीपासूनची उंची ११,१५८ फूट झालेली असते. आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून थोडी जास्तच. बोगद्याच्या अलीकडचा चढ सहा-सात टक्क्यांचा आणि हवा इतकी विरळ, की टर्बो नसलेल्या इंजिनाची जवळपास तिसरा हिस्सा ताकद वाटेतच गळालेली. या चढावर उजवीकडची संथ लेन मालट्रकांची. तिथे ट्रकांच्या रांगेत मधूनच एखादी देखणी पिकअपही अडकलेली दिसते. उंच उचललेली, छपरावर घडीचा तंबू, खाली जाडजूड ३५ इंची टायर. इंजिन साडेचार हजारांवर किंचाळतंय, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स चौथ्यातून तिसऱ्यात आणि तिसऱ्यातून पुन्हा चौथ्यात हेलपाटे घालतोय आणि वेगाचा काटा मात्र खालीच चाललाय.

बघणाऱ्याला वाटतं, इंजिन थकलं. इंजिन ठणठणीत असतं. मालकाने टायर बदलले आणि ॲक्सलमधले गिअर मूळचेच ठेवले, एवढंच झालेलं असतं.

पिकअपला मोठे टायर घालणाऱ्यांना नाकं मुरडायचं कारण नाही. दगडधोंड्यांतून जायचं तर मोठा टायर लागतोच. ॲक्सल जमिनीपासून वर उचलणारा दुसरा सोपा मार्ग नाही. आक्षेप आहे तो अर्ध्या कामाला. मोठा टायर आणि त्याच्या मापाचा ॲक्सलचा गिअर एकाच पावतीवर यायला हवेत, आणि ती पावती शक्यतो गाडी बनवणाऱ्या कंपनीचीच असावी. अमेरिकेतल्या दोन मोठ्या कंपन्यांना हे कळलं आहे. आपल्याकडे अजून तशी चर्चाही ऐकू येत नाही.

मुळात ॲक्सलमध्ये घडतं काय? इंजिनातून निघालेली ताकद गिअरबॉक्समधून प्रोपेलर शाफ्टवर येते आणि मागच्या दोन चाकांच्या मधोमध असलेल्या लोखंडी गोळ्यात, म्हणजे डिफरन्शियलच्या हाऊसिंगमध्ये शिरते. तिथे शाफ्टच्या टोकाला छोटा दातेरी पिनियन असतो आणि तो मोठ्या क्राउनला फिरवतो. आपल्याकडचा प्रत्येक मेकॅनिक या जोडीला ‘क्राउन-पिनियन’ म्हणूनच ओळखतो. क्राउनला ४१ दात आणि पिनियनला १० असतील, तर शाफ्टच्या ४.१ फेऱ्यांत चाकाची एक फेरी. हाच ॲक्सलचा रेशो. पिनियनला ११ दात केले की तो ३.७३ होतो, ९ केले की ४.५६. आकडे असे अडनिडे का, हा प्रश्न कोणालाही पडेल. दात मुद्दामच असे मोजून ठेवतात, की एकाच जोडीचे दात फेरीमागून फेरी एकमेकांवर घासत राहू नयेत. प्रत्येक दाताची गाठ समोरच्या प्रत्येक दाताशी पडावी आणि झीज सगळीकडे सारखी व्हावी, हा त्यामागचा हेतू.

गिअरच्या सायकलवर चढ लागला आणि साखळी अजून मागच्या सगळ्यात लहान चक्रावरच असली, तर मांड्या कशा भरून येतात हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. मोठा टायर म्हणजे गाडीला कायमचं त्या लहान चक्रावर नेऊन ठेवणं. टायरचा व्यास वाढला की चाकाच्या एका फेरीत गाडी जास्त अंतर कापते. त्या जादा अंतराची किंमत ओढीतून वसूल होते.

आता एका प्रत्यक्ष पिकअपचा हिशेब मांडू. २०१६ ते २०२३ या काळातल्या टोयोटा टाकोमाला साडेतीन लिटरचं व्ही-सिक्स पेट्रोल इंजिन होतं, २७८ अश्वशक्तीचं. कागदावर दणकट, पण त्याचा टॉर्क शिखराला पोचतो तो थेट ४,६०० फेऱ्यांवर, खाली ते तसं मवाळच. सहा गिअरच्या ऑटोमॅटिकबरोबर ॲक्सलचा रेशो ३.९१. अनेक मॉडेलांवर कारखान्यातून येणारा टायर २६५/७० आर १६, म्हणजे साधारण ३०.६ इंच व्यासाचा. त्या जागी ३५ इंची टायर घातला की ३.९१ चा गिअर प्रत्यक्षात ३.४२ सारखा वागू लागतो. ताशी १०० किलोमीटर वेगाला मूळ चाक मिनिटाला सुमारे ६८० फेऱ्या मारत होतं, ते आता ६०० च्या आत येतं. सहाव्या गिअरमध्ये इंजिन इतकं खाली बसतं, की पुढे साधा उड्डाणपूल आला तरी गिअरबॉक्सला पाचव्यात उतरावं लागतं. पूल संपला की सहाव्यात, पुढचा चढ आला की पुन्हा पाचव्यात. कारखान्यातून आलेल्या टायरांवरही या गाडीच्या गिअरबॉक्सबद्दल ही तक्रार होतीच. मोठ्या टायरांनी तिला सवयीचं रूप दिलं.

त्रैराशिक मांडलं तर ३५ इंचांसाठी मूळची ओढ परत मिळवायला ४.४७ चा रेशो पुरेसा आहे आणि बाजारातला त्याच्या जवळचा आकडा ४.५६. पण जाणते मेकॅनिक तिथे थांबत नाहीत. ते ४.८८ किंवा थेट ५.२९ सुचवतात. कारण त्रैराशिकात व्यास येतो, वजन येत नाही. जाड भिंतीचा ३५ इंची टायर रिमशिवाय एकटाच ३० किलोच्या घरात जातो आणि ते वजन असतं परिघावर, म्हणजे फिरवायला सर्वांत जड जाईल अशा ठिकाणी. शिवाय असे टायर घालणारा माणूस टायरांवर थांबत नाही. पुढे लोखंडी बंपर येतो, त्यात विंच बसते, खाली पत्र्याचं चिलखत, वर तंबू, मागे फ्रिज. गाडी उंच झालेली, म्हणून वाऱ्याचा अडथळाही वाढलेला. हे सगळं तेच इंजिन ओढणार.

कामाप्रमाणे ॲक्सलचा गिअर निवडायचा, ही गोष्ट पिकअपइतकीच जुनी आहे. फोर्डने १९१७ साली मॉडेल टी मोटारीवरून एक टनाचा मॉडेल टीटी ट्रक काढला. मोटारीचा मागचा रेशो ३.६४ होता, तर ट्रकला वर्म गिअर लावून तो ७.२५ केला. ट्रक त्यामुळे रांगायचा, पण भरलेलं धान्य घेऊन रांगायचा. ज्याला वेग हवा त्याच्यासाठी ५.१७ चा पर्याय होता. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी, अनेक ठिकाणी रस्त्यावर धड डांबरही नव्हतं तेव्हा, गिऱ्हाइकाला हा प्रश्न विचारला जात होता.

त्याहून बोलकं उदाहरण जीपचं. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस एमबी जीपचा ॲक्सल रेशो ४.८८ होता. १९४५ मध्ये कंपनीने हीच गाडी शेतकऱ्यांना विकायला काढली, सीजे-२ए या नावाने. टायरचं माप तेच, ६.००-१६. पण रेशो केला ५.३८. फौजेला माणसं घेऊन पळायचं होतं, शेतकऱ्याला नांगर ओढायचा होता. काम बदललं म्हणून क्राउन-पिनियन बदलला. टायरला हातही न लावता विलिसने गिअर बदलला आणि आजचा हौशी नेमकं उलटं करतो. पुढे १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्राने मुंबईत याच विलिस घराण्याच्या जीपा जोडायला घेतल्या. नाशिकला तयार होणाऱ्या आजच्या थारचं मूळ तिथे आहे, तेव्हा हा इतिहास आपल्यालाही अगदी परका नाही.

अमेरिकेत बदल दिसू लागला तो २०२१ च्या सुमारास. फोर्डने नव्या ब्रॉन्कोबरोबर ‘सॅस्क्वाच’ नावाचं पॅकेज आणलं. त्यात ३५ इंची टायर होते आणि त्यांच्याबरोबर ४.७ पर्यंतचा ॲक्सल रेशो, पुढे-मागे लॉकर, वेगळे शॉक ॲबसॉर्बर, रुंद फेंडर. हे सगळं एका किमतीत, वॉरंटीसकट आणि स्वस्तातल्या मॉडेलवरसुद्धा. त्याच वर्षी जीपने रँग्लर रुबिकॉनसाठी ‘एक्स्ट्रीम रेकॉन’ काढलं. नेहमीच्या रुबिकॉनचा रेशो ४.१० होता, ३५ इंची टायरांबरोबर तो ४.५६ केला. मागच्या दारावर टांगलेलं जादा चाकही आता जड होणार, म्हणून दाराच्या बिजागऱ्या मजबूत केल्या. बिजागऱ्यांपर्यंत विचार करायला कारखानाच लागतो. गल्लीतल्या टायरच्या दुकानात तुमच्या मागच्या दाराची काळजी कोण करणार?

कारखाना सोडून बाहेर हे काम करून घ्यायचं ठरवलं, तर ते जिकिरीचं आहे. आणि गाडीच्या सगळ्या कामांत मेकॅनिकचा हात खरा ओळखावा तो इथेच.

चाकं काढायची, शाफ्ट ओढून बाहेर घ्यायचे, हाऊसिंगचं झाकण उघडून काळं तेल परातीत सोडायचं. पुढचा ॲक्सल टाकोमासारखा स्वतंत्र सस्पेन्शनचा असेल, तर तो पूर्ण गोळा खाली उतरवावा लागतो. मग नवा पिनियन बसवायचा, त्याच्या बेअरिंगखाली कागदाच्या जाडीच्या गोल चकत्या घालून. या चकत्यांना शिम म्हणतात आणि खरी कसोटी त्यांचीच. पिनियन क्राउनच्या किती आत घुसणार हे त्या ठरवतात आणि मिलिमीटरच्या विसाव्या भागाचा फरकही पुढे कानाला ऐकू येतो. क्राउन बसला की त्याच्या दाताला डायल गेजची सुई टेकवून हाताने हलवून बघायचं. दोन दातांमधली मोकळीक पाव मिलिमीटरच्या आत हवी, पण शून्य नको. शून्य झाली तर तापल्यावर दात एकमेकांत रुततील. एवढं जमलं, की दातांना पिवळी पेस्ट फासायची, क्राउन दोन्ही दिशांनी फिरवायचा आणि विजेरी घेऊन बघायचं, पेस्ट कुठून पुसली गेली. ठसा दाताच्या मधोमध, लंबगोल उमटला तर ठीक. मुळाशी उमटला तर पिनियन जास्त आत गेला, शेंड्याला उमटला तर बाहेर राहिला. मग सगळं पुन्हा उघडायचं, बेअरिंग पुलरने ओढून काढायचं, शिम बदलायची, परत जोडायचं, परत पेस्ट. कसलेल्या माणसालाही पहिल्या फटक्यात ठसा बसेलच असं नाही.

ठसा चुकला तर गाडी लगेच बंद पडत नाही, आणि हीच यातली मोठी मेख. ती महामार्गावर ठरावीक वेगाला बारीक रडू लागते. ॲक्सिलरेटर दाबला की आवाज येतो, सोडला की थांबतो, किंवा त्याच्या उलट. काही हजार किलोमीटरनंतर तेलात चंदेरी भुकटी दिसते. तोवर बिल चुकतं झालेलं असतं आणि गॅरेजवाला म्हणतो, ‘साहेब, टायरचा आवाज आहे.’ जाड खाचांचे टायर इतके गुणगुणतात, की हे खरं की खोटं हे मालकाला कळायला मार्ग नसतो.

काम चोख झालं तरी लगेच गाडी पिटाळायची नाही. पहिल्यांदा पंधरा-वीस मिनिटं सौम्य चालवून पूर्ण थंड होऊ द्यायची, पहिले ५०० मैल मागे ट्रेलर जोडायचा नाही आणि त्यानंतर तेल बदलायचं, असं गिअर बनवणारेच सांगतात. नवे दात एकमेकांना घासून जागा करून घेतात, त्या काळात ते भट्टीसारखे तापतात. हौशी मालक मात्र गॅरेजमधून निघतो तो थेट युटाच्या वाळवंटातल्या मोआबची वाट धरतो, तीही मागे ट्रेलर लावून.

फोर-व्हील ड्राइव्ह गाडीत हा खर्च दोनदा होतो. पुढचा रेशो मागच्याशी जुळलाच पाहिजे. नाही जुळला, तर कोरड्या रस्त्यावर फोर-व्हील टाकताच पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या गतीने फिरायला बघतात आणि मधला ट्रान्सफर केस पिळवटून निघतो. काही ॲक्सलांत आणखी एक खर्च दबा धरून बसलेला असतो. जुन्या डाना ४४ ॲक्सलमध्ये ३.७३ पर्यंतचे क्राउन एका मापाच्या कॅरिअरवर बसतात आणि ३.९२ पासून पुढचे दुसऱ्या मापाच्या. म्हणजे ३.७३ वरून ४.५६ वर जायचं तर नुसत्या क्राउन-पिनियनने भागत नाही, तो ज्यावर बसतो तो तुकडाही बदलावा लागतो. अमेरिकेतल्या मजुरीच्या दराने दोन्ही ॲक्सलचं मिळून बिल सहज दोन-तीन हजार डॉलरांवर जातं. चांगल्या टायरांच्या संचाहून जास्त.

म्हणून लोक टाळतात, आणि त्यात नवल नाही. टायर दिसतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजारी विचारतो, फोटोत तो उठून दिसतो. क्राउन-पिनियन तेलात बुडून काळोखात बसलेला असतो. त्यावर तीन हजार डॉलर घातले हे घरातल्या माणसांनाही पटवून द्यावं लागतं. टायर विकणाराही गिअरचा विषय काढत नाही, कारण विषय काढला तर गिऱ्हाईक ३५ वरून ३२ वर येईल किंवा चहा पिऊन परत जाईल.

परत गेलं तर बिघडलं कुठे? बहुतेक पिकअपांना ३५ इंची टायरांची गरजच नसते. मुळापेक्षा एक-दीड इंच मोठा टायर घातला, तर गिअर न बदलता निभावतं आणि शेतरस्त्याला तेवढं पुरतं. टायर साडेचार इंचांनी मोठा घेतला तरी ॲक्सल उचलला जातो त्याच्या निम्माच, सव्वादोन इंच. त्या सव्वादोन इंचांसाठी गाडीची सगळी घडी विस्कटायची का, हा प्रश्न प्रत्येकाने खिशाला आणि रस्त्याला विचारून सोडवावा.

आता दुसरी बाजू. आजच्या गाड्यांना गिअरच इतके असतात, की ॲक्सलला हात लावायची गरज उरली नाही, असं म्हणणारे आहेत. त्यात तथ्यही आहे. फोर्डने २०१७ पासून एफ-१५० मध्ये दहा गिअरचा ऑटोमॅटिक आणला, त्याचा पहिला गिअर ४.७ च्या आसपास, टर्बो इंजिनांना खालच्या फेऱ्यांवरच भरपूर दम. अशा गाडीला ३३ इंची टायर घातला तर गिअरबॉक्स एक पायरी खाली राहून वेळ मारून नेतो आणि मालकाला काही जाणवतही नाही. पण त्याच फोर्डच्या रॅप्टरकडे बघा. तेच दहा गिअर, त्याहून जोरकस इंजिन, टायर ३५ इंची आणि २०२१ पासून हवे तर ३७ इंची. तरी ॲक्सल ४.१० चा. साध्या एफ-१५० ना कंपनी ३.३१ किंवा ३.५५ वर पाठवते, कारण तिथे पेट्रोल वाचवायचं असतं. दहा गिअर हाताशी असताना गाडी बनवणारेच मोठ्या टायरखाली ॲक्सलचा रेशो वाढवत असतील, तर त्यांना उगाच खर्च करायची हौस आहे असं कसं म्हणायचं?

गिअर बदलून सगळं पूर्ववत होतं, असा समज मात्र करून घेऊ नये. ब्रेक पूर्ववत होत नाही. ब्रेकची डिस्क तीच, पॅड तेच, आणि जमिनीवर टेकलेला टायर मध्यापासून लांब गेलेला. टाकोमाच्या हिशेबात ३०.६ वरून ३५ वर गेलं, की पेडलवर तेवढाच पाय ठेवून जमिनीवर मिळणारी रोधशक्ती आठव्या हिश्शाने घटते. क्राउन-पिनियनचा त्याच्याशी संबंध नाही. वेगाच्या काट्याचंही तसंच. ज्या गाड्यांत वेग चाकावरच्या एबीएस सेन्सरवरून मोजला जातो, तिथे गिअर कितीही बदलला तरी काटा खोटंच बोलतो. तो १०० दाखवेल तेव्हा गाडी ११४ वर असेल. संगणकाला नव्या टायरचं माप सांगावं लागतं, आणि ते सांगायचं राहून गेलेल्या गाड्या कमी नसतात. ओडोमीटरही त्याच प्रमाणात मागे पडतो. म्हणजे गाडी प्रत्यक्षात जितकी धावली त्याहून कमी धावल्याची नोंद होते आणि सेकंड हँड घेणाऱ्याला नकळत टोपी बसते.

आणि घाट. इथे हा विषय थेट आपल्या दारात येतो.

थारला कारखान्यातून येणारा २५५/६५ आर १८ टायर ३१ इंचांचा आहे, टाकोमाच्या मापाला जवळचा. शनिवारी-रविवारी ताम्हिणीत, माळशेजला, लोणावळ्याच्या बाजूला बघावं, तर ३३ इंची आणि काही ठिकाणी त्याहून मोठे टायर चढवलेल्या थार रांगेने उभ्या. फोटो अमेरिकेतले, टायर बहुधा तिथल्याच ब्रँडचे, आणि ॲक्सल नाशिकहून आला तसाच. चढावर त्या क्लच जाळतात हे सगळे जण बोलतात. उताराबद्दल कोणी बोलत नाही.

आंबोली किंवा वरंध घाट भरल्या गाडीने उतरताना शहाणा ड्रायव्हर दुसऱ्या गिअरवर गाडी सोडतो आणि पाय ब्रेकवर घासत ठेवत नाही. इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं. ही पकड चाकापर्यंत पोचते ती त्याच क्राउन-पिनियनमधून. टायर ३५ इंची झाला की त्याच दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांना, गाडी आठव्या हिश्शाने जास्त वेगाने उतरते आणि इंजिनाची पकडही तेवढी सैल होते. ड्रायव्हर मग ब्रेकवर येतो. ब्रेक आधीच तोकडा पडलेला. पावसाळ्यात, धुक्यात, पाच माणसं आणि सामान भरून, पुढे एसटी वळण घेतेय. अमेरिकेतला मोठा टायर बहुतांशी रुंद, सरळ महामार्गावर खपून जातो. सह्याद्रीत तो खपत नाही.

मालवाहतुकीतल्या लोकांना हे नव्याने सांगावं लागत नाही. खाणीत किंवा धरणाच्या कामावर टिपर घालणारा कंत्राटदार खोल रेशोचा ॲक्सल मागतो आणि मुंबई-नागपूर लाइनवर चालणारा हलका मागतो. ट्रक विकणाऱ्या कंपन्याही दोन्ही ठेवतात. त्यांच्या लेखी ॲक्सल रेशो हा डिझेलच्या खर्चाचा आणि क्लच प्लेटच्या आयुष्याचा आकडा आहे. पंधरा-वीस लाखांची हौसेची गाडी घेणाऱ्यापर्यंत मात्र तो शब्द पोचलेलाच नाही.

कायद्याचं काय? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं, की नोंदणी प्रमाणपत्रावरचा तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा फेरफार मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे लावलं आणि त्यानंतर टायर, बंपर, सायलेन्सर बदलणाऱ्यांची धरपकड ठिकठिकाणी सुरू झाली. कायद्याचा हेतू चुकीचा नाही. वर सांगितलेला ब्रेकचा हिशेब बघितला, तर सरसकट मोकळीक द्यावी असं कोणी जबाबदार माणूस म्हणणार नाही. पण आजचा परिणाम विचित्र आहे. नाक्यावर पोलीस टायर बघतो आणि पावती फाडतो. दंड भरून गाडी त्याच टायरांवर, त्याच ॲक्सलवर, त्याच ब्रेकवर पुढचा घाट उतरायला निघते. धोका होता तिथेच राहतो, त्याला फक्त किंमत लागते.

बंदीने हौस संपलेली नाही, ती चोरीछुपे अर्धवट झाली. टायर बदलायला अर्धा तास लागतो. क्राउन-पिनियनचे तयार संच, शिमांचे डबे, ठसा वाचता येणारी माणसं असा बाजार इथे अजून उभाच राहिलेला नाही. तेव्हा जे सोपं ते होतं आणि जे आवश्यक ते राहतं. यावरचा उपाय सॅस्क्वाचच्या धर्तीचा आहे. महिंद्रासारख्या कंपनीने थारचं एक मॉडेल मोठ्या टायरांचं काढावं, त्याच्या बरोबरीने ॲक्सलचा रेशो, ब्रेक, स्पीडोमीटर सगळं त्या टायरला जुळवून, चाचणी मंजुरी घेऊन, नोंदणी पुस्तकात तसं लिहून. मग कलम ५२ आड येत नाही, कारण बदल मालकाने केलेलाच नसतो. किंमत लाख-दीड लाखाने वाढली तरी घेणारे घेतील. तेवढे पैसे ते आजही टायर, रिम आणि जळालेल्या क्लचवर घालवतातच. ज्यांना ती किंमत जड वाटेल ते ३१ इंचांवर राहतील, आणि त्यांच्यासाठी तेच बरं.

तोवर एक छोटी गोष्ट तरी होण्यासारखी आहे. फोर्डच्या पिकअपचं ड्रायव्हरकडचं दार उघडलं, की खांबावर एक स्टिकर दिसतं आणि त्यावर ॲक्सलचा कोड छापलेला असतो. कोड कोष्टकात बघितला की रेशो कळतो, आणि टायरच्या दुकानात उभं राहून फोनवर त्रैराशिक करता येतं. टोयोटाही दाराजवळच्या पट्टीवर असा कोड देते. आपल्याकडे दाराच्या खांबावर टायरमधल्या हवेचा आकडा लिहिलेला असतो. त्याच्याच खाली ३.७३ किंवा ४.३० असं काही छापायला कंपनीला वेगळी शाईसुद्धा लागणार नाही.